पाद्र्याच्या डोहातला पहिला मासा

माझा धाकटा भाऊ लॅक्लन बेचाळीस वर्षं मेजरसाहेबांच्या नदीवर कामाला होता. पाहुण्यांना सॅमन मासा कुठे बसलाय ते दाखवायचं आणि गळाला लागला की बाहेर काढायचा, हे त्याचं काम. मासा कुठे असेल हे त्याला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. "ताई, फेब्रुवारीत पाणी गारठलेलं असतं. मासा धबधबा चढत नाही, खाली पाद्र्याच्या डोहात पडून राहतो. गळाला बांधलेली पिसांची नकली माशी खोल सोडायची, हळू फिरवायची. ज्याला घाई असेल त्यानं उन्हाळ्यात ट्राउट धरावेत!" मी म्हणायची, "बरं बाबा, आधी बटाटे सोल."

त्या वर्षी बटाटेही त्याला धड सोलता येईनात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरकडे चल म्हटलं की अंगावर यायचा. "साहेबांना कळलं तर नोकरी जाईल, आणि नोकरीबरोबर हे घरही!" घर साहेबांच्याच मालकीचं. आम्ही दोघं बिनलग्नाची, साठी ओलांडलेली, जाणार कुठे? मग त्याच्या गळाला माशी मीच बांधायची, सूप पोचवायच्या निमित्तानं रोज नदीवर जायची आणि तोंडाला कुलूप लावायची.

त्या फेब्रुवारीत एडिंबराच्या पाहुण्या मिसेस हॅलिबर्टन आठवडाभर नदीवर रिकाम्या हातानं उभ्या होत्या. शेवटच्या दिवशी, पाद्र्याच्या डोहातच, त्यांच्या गळाची काठी वाकली. वर्षाचा पहिला मासा म्हणजे व्हिस्कीची बाटली उघडायची, म्हणून मेजरसाहेब धावतच आले. लॅक्लननं मासा जाळ्यात घेतला. चांगला चकचकीत, चंदेरी.

"समुद्रातून ताजा आलाय! हाण डोक्यात!" साहेब ओरडले.

सुपाची किटली घेऊन मी काठावरच उभी होते. हिवाळ्यात अंडी घालून समुद्राकडे परतणारा मासाही तोवर पुन्हा चंदेरी होतो. त्याला आम्ही केल्ट म्हणतो. तो मारणं गुन्हा, आणि नदीवरच्या माणसानं मारला तर जन्माची नाचक्की. चांगले डोळस लोक फसतात तिथे, आणि माझ्या भावाला तर माशाचं शेपूट कुठलं नि तोंड कुठलं एवढंच दिसत होतं.

लॅक्लननं मासा मारायचा सोटा खाली ठेवला. माशाच्या कल्ल्यात बोट घातलं आणि चाचपत राहिला. मग म्हणाला, "केल्ट आहे. सोडायचा."

"वेड लागलंय का तुला?"

"बोट घाला साहेब. तांदळाच्या कण्यांसारखं काही लागतंय? किडे आहेत ते. नदीत महिनोन्‌महिने राहिलेल्या माशालाच होतात."

साहेबांनी हातमोजा काढला, बोट घातलं आणि मान डोलावली. मिसेस हॅलिबर्टननी स्वतः मासा पाण्यात सोडला. बिचाऱ्या हिरमुसल्या.

मग साहेब म्हणाले, "लॅक्लन, तू त्या माशाकडे पाहिलंसुद्धा नाहीस."

आता मेलो आम्ही दोघं! माझा धीर सुटला. "त्याला दिसत नाही हो, साहेब! माझंच चुकलं, मीच लपवलं. पण घरातून काढू नका!"

"मोरागबाई, गेल्या ऑगस्टात माझी टोपी पाण्यात पडली. ह्यानं ती जाळ्यात धरली आणि 'नऊ पौंड भरेल' म्हणाला. तेव्हापासून माहीत आहे मला."

"मग बोलला का नाहीत?" मी चिडलेच. सहा महिने माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता!

"तो आपणहून सांगेल म्हणून थांबलो. आणि माझे डोळे ठणठणीत असून आत्ता केल्ट कोण मारत होतं?" ते लॅक्लनकडे वळले. "सोमवारी इन्व्हर्नेसला जा. डोळ्यांचं ऑपरेशन करून घे आणि एप्रिलमध्ये कामावर हजर हो. घर तुमच्याकडेच राहील. फक्त किल्ली बहिणीकडे ठेव, नाहीतर हरवशील."

मी ओल्या गवतात बसकण मारली आणि ढसाढसा रडले. लॅक्लन चाचपडत माझ्याजवळ आला, वाकला आणि कानात कुजबुजला, "ताई, साहेब रागानं बोलतायत की हसतायत? नीट बघून सांग."

"हसतायत रे मेल्या," मी म्हटलं. "हसतायत."