झेंडूच्या माळेची तार

ब्रेक लागेना, तेव्हा पहिली शिवी मी मिस्त्रीला घातली. देव नंतर आठवला.

एकोणीसशे तिसानंतरची ती वर्षं. नाशकात मोटारी बोटांवर मोजाव्यात एवढ्याच, आणि त्यातली एक धिप्पाड मोटार मी चालवायचो, एका वकीलसाहेबांची. मुंबईच्या कुणा शेटजींनी वापरून विकलेली. तिच्या ब्रेकला इंजिनाची मदत असे. इंजिन हवा ओढतं ना, ती ओढ एका रबरी नळीतून पायाशी असलेल्या फळीखालच्या पत्र्याच्या डब्याला जायची आणि डबा ब्रेक खेचायचा. पाय नुसता टेकवला की गाडी शहाण्यासारखी उभी! ती ओढ गेली तर मात्र ब्रेक दाबायला दोन माणसांचं बळ हवं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी ती जुनी नळी तडकली आणि भद्रकालीतल्या मिस्त्रींनी नवी बसवली. पन्नाशीचे मुसलमान गृहस्थ, मी त्यांना चाचा म्हणायचो. टांग्याची चाकं दुरुस्त करता करता मोटारी शिकलेले. सगळा संसार दुरुस्तीच्या त्या एका छपरीवर आणि शहरातल्या पाच-सात मोटारींवर चाललेला.

दसरा होऊन पंधरा दिवस झाले असतील. साहेबांना घेऊन रविवार कारंज्यावरून नदीकडे उतरत होतो. समोर कोथिंबिरीची पाटी घेऊन एक बाई रस्त्यात आली. मी ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल हलेचना! अरे देवा! दोन्ही पायांनी उभा राहिलो त्याच्यावर, हातब्रेक ओढला, सगळं अंग पणाला लावलं. बाईने पाटी टाकून मागे उडी मारली. चाक पाटीवर चढून थांबलं. बाई वीतभर अंतरावर उभी.

भ्यालो होतो, म्हणून जास्तच ओरडलो. भर रस्त्यात पन्नास माणसं गोळा झाली, त्यांच्यासमोर बोंब ठोकली, "भद्रकालीचा तो मिस्त्री नळ्या कच्च्या घालतो! त्याच्या हातात गाडी द्याल तर जिवाला मुकाल!"

साहेब पांढरेफटक पडले होते. बाईच्या हातावर त्यांनी काही ठेवलं आणि मला म्हणाले, "मी चालत जातो. तू जाऊन जाब विचार त्याला. आणि ही त्याच्याकडची शेवटची खेप."

मुंगीच्या पावलाने गाडी छपरीपाशी नेली आणि तिथेही तोंडाला येईल ते बोललो. चाचांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "आधी बघू तर द्या. मग मारा."

त्यांनी इंजिन चालू ठेवलं आणि एक उदबत्ती पेटवली. पेट्रोलची बाजू टाळून ती नळीच्या कडेकडेने सावकाश फिरवू लागले. धूर सरळ वर जात होता. नळीच्या टोकाजवळ आला आणि एकदम वाकला, आत ओढला गेला. बरोबर तिथे नळीभोवती एक बारीक तार होती, रबरात रुतलेली. तारेला हळद होती आणि झेंडूची एक सुकी पाकळी.

ती तार माझी होती.

खंडेनवमीला आपण हत्यारं पूजतो. ड्रायव्हरचं हत्यार मोटार. बाकीचे पुढच्या दिव्यांना माळ घालतात, पण मला अक्कल जास्त! मोटारीचा जीव इंजिनात, म्हणून मी बॉनेट उघडून इंजिनालाच हळदकुंकू वाहिलं आणि माळही आत घातली. दोरा आचेने जळेल म्हणून फुलं तारेत ओवली. अडकवायला दुसरं काही सापडेना, तर तार नव्या कोऱ्या नळीला गुंडाळून पकडीने पिळली. फुलं सुकल्यावर नदीत सोडली. तार काढायचं राहून गेलं. इंजिनाच्या थरथरीने ती रोज थोडी थोडी आत जात राहिली आणि शेवटी तिने रबराला भोक पाडलं.

चाचांनी तार कापून माझ्या तळहातावर ठेवली. "पूजा करा की," म्हणाले, "पण नळीला फास कशाला लावता?"

मग त्यांनी भोकाकडचं दोन बोटं टोक कापलं, उरलेली नळी पितळी तोटीवर पुन्हा चढवली, पट्टी आवळली आणि उदबत्ती फिरवली. धूर सरळ. अर्ध्या तासाचं काम.

"चाचा, चुकलो मी."

"मला नका सांगू. साहेबांना सांगा. आणि त्या उतारावर सांगा."

साहेबांना त्याच संध्याकाळी सांगितलं. तार दाखवली, आईची शपथ घेतली. साहेब हसले! "अरे, देवाच्या माळेने कुठे ब्रेक जातात? साधा आहेस तू. हातोहात बनवलं त्याने तुला." ज्याने बांधली तो समोर उभा राहून सांगतोय, तरी पटेना! गाडी पुढे दुरुस्तीला दुसरीकडे जाऊ लागली.

उतारावर मात्र मी गेलो नाही. लाज वाटली. माणसं केव्हाच पांगली, आता कुणाला सांगायचं, अशी मनाची समजूत घातली. भद्रकालीकडे फिरकायचंही सोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात गावोगाव उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींच्या तळावर दिंडोरीचा एक ड्रायव्हर भेटला. ब्रेक लय जड झालाय म्हणून रडत होता. मला वाटलं, चला, एक तरी गिऱ्हाईक पाठवू. म्हटलं, "भद्रकालीत एक चाचा आहेत. सोन्यासारखा हात आहे."

त्याने कानांना हात लावले. "त्याच्याकडं? नको रे बाबा! तो मिस्त्री नळ्या कच्च्या घालतो. त्याच्या हातात गाडी द्याल तर जिवाला मुकाल."

माझेच शब्द. एकही इकडचा तिकडे नाही.

"कोण म्हणतं असं?" मी विचारलं.

"सारं नाशिक म्हणतंय. आन् आता जातोस कुठं त्याच्याकडं? छपरीला कुलूप लागून चार महिने झाले. तुला ठाऊक नाय?"