सासऱ्यांचा बिनखटक्याचा चाकू

चष्मेवाल्याला चाकूंचा नाद होता, आणि त्या नादाची त्याला लाज वाटायची. दारूचा असता तर चारचौघांत सांगता तरी आला असता. दारुड्याची लोकांना कीव येते. जुने चाकू जमवणाऱ्याकडे मात्र लोक दोन पावलं मागे सरकून बघतात. त्यातून याचे चाकू भाजीचे नव्हेत. लांब, निमुळते, टोकाकडे सुईसारखे होत गेलेले, मिटले की शिंगाच्या मुठीत गडप होणारे. भोसकण्यासाठीच घडवलेली जात. कुणाला चुकून दाखवलाच तर पहिला प्रश्न ठरलेला, "खटक्याचा आहे का?" नाही हो, नाही! बटण दाबलं की फटकन उडतो तो खटक्याचा, तो गुंडांचा. याचे सगळे बिनखटक्याचे, जुने, नखाने पातं धरून हाताने उघडायचे. पूर्ण उघडलं की पाठीवरची पोलादी पट्टी दातात बसून 'टक्' व्हायचं, आणि मिटताना त्या पट्टीची बारीक कडी ओढायची. हा फरक तो जीव तोडून समजावायचा. ऐकणारा मान डोलवायचा आणि पुढच्या खेपेला चष्मा दुसऱ्या दुकानात करायचा.

म्हणून त्याने दाखवणंच सोडलं. मिटलेला चाकू चष्म्याच्या घरात अगदी मापात बसतो हा शोध त्याला लागला होता. काउंटरखालच्या रुंद खणात चष्म्याची जुनी घरं ओळीने निजलेली असायची आणि प्रत्येकात मखमलीवर एकेक चाकू. एकदा घोटाळा झालाच. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना गडबडीत भलतंच घर गेलं. बाईंनी भर वर्गात ते उघडलं आणि चष्म्याऐवजी वीतभर चाकू बाहेर काढला. त्या दिवशी तो वर्ग जितका शांत बसला तितका पुन्हा कधी बसला नाही म्हणतात. चष्मेवाला नाक मुठीत धरून माफी मागून आला. बायको मात्र पोट धरधरून हसली. "बाकीच्या बायकांना सवत असते, मला एवढ्या सगळ्या आहेत. बरं, एकीलाही कांदा चिरता येत नाही!"

चिरायचा प्रश्नच नव्हता. चाकूला फळाचा रससुद्धा लागू द्यायचा नाही, हा त्याचा नियम. दुसरा नियम त्याहून कडक: मळ काढावा, वय काढू नये. शिंगाला पडलेली चीर, पात्यावरची काळसर छटा, हे सगळं वय. ते घासून चकचकीत करणारा माणूस त्याच्या लेखी अडाणी, मग तो कितीही शिकलेला का असेना.

आणि अशा माणसाच्या नशिबी सासरे कसे यावेत? बोटीवर जन्मभर स्वयंपाक केलेले, आता मागच्या गल्लीत तळमजल्याच्या खोलीत एकटे राहणारे. त्यांच्या खिशात कुठल्याशा बंदरात घेतलेला बिनखटक्याचा चाकू होता. काळ्या शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पांढऱ्या धातूच्या टोप्या, पात्याच्या बुडाशी आडवे चिमुकले कान. इतका देखणा नग चष्मेवाल्याने चित्रातच पाहिला होता. आणि सासरे त्याने रोज संध्याकाळी सफरचंद सोलायचे! जावई समोरच्या खुर्चीत बसून पात्यावरून ओघळणारा रस बघायचा.

"या, दहावा ग्रह आला!" सासरे दारातच म्हणायचे. जावई म्हणजे दहावा ग्रह, हे त्यांनी त्याला लग्नातच ऐकवलं होतं, आणि तरी त्याची वाट बघायचे. मग बोटीवरच्या गप्पा. वादळात तीनशे माणसांचं सूप कसं सांडलं, कप्तानाला मीठ कमी पडलं म्हणून कोण रडलं. गप्पा मारताना उजवा अंगठा मुठीवर एकाच जागी टेकलेला असायचा. तिथे शिंगाला खड्डा पडला होता. एका माणसाच्या अंगठ्याने आयुष्यभर झिजवलेला खड्डा. असा खड्डा बाजारात मिळत नाही, आणि चष्मेवाल्याची नजर नेमकी त्याच्यावर.

पुढे सासऱ्यांची दृष्टी गेली. एकदम नाही, आधी वर्तमानपत्र गेलं, मग चेहरे, मग ताटातला पदार्थ. त्यांचे डोळे तपासायचा तो चष्मेवालाच. भिंग जाड करत गेला आणि एके दिवशी भिंग बदलणं थांबवलं. त्यांना किती दिसत नाही, हे जगात बरोबर ठाऊक असलेला माणूस तो एकटा होता.

त्याच सुमारास सासऱ्यांनी चाकू त्याच्या हातात ठेवला. "पातं हलायला लागलंय, जावईबापू. जरा आवळून द्या. तुमच्या हाताला बारीक खिळ्यांची सवय."

आवळायला कितीसा वेळ लागतो? चहा निवायच्या आत काम झालं. पण दुपारच्या रिकाम्या दुकानात त्याने खणातून एक घर काढलं. त्यात सासऱ्यांच्या चाकूचा जवळजवळ जुळा भाऊ होता, त्याच घडणीचा, कमी वापरलेला, कमी देखणा. दोन्ही शेजारी ठेवले. मनात म्हणाला, हा कमी झिजलेला, भक्कम आहे, नजर गेलेल्या माणसाला हाच बरा. आपण त्यांचं भलंच करतोय. मांजर डोळे मिटून दूध पितं. इथे तर डोळे दुसऱ्याचेच मिटलेले होते.

भलंच करायचं होतं तर पुढचं काम त्याने का केलं? काचांच्या कडा घासायचं चाक सुरू केलं, आणि त्या जुळ्याच्या मुठीवर, बरोबर अंगठ्याच्या जागी, एक खड्डा पाडला. मापून, हळूहळू, पुन्हा पुन्हा अंगठा टेकवून बघत. आयुष्यात इतकं सफाईदार काम त्याच्या हातून झालं नव्हतं. ते आठवलं की पुढे त्याचे कान गरम व्हायचे.

संध्याकाळी सासऱ्यांनी चाकू उघडला. 'टक्' झालं. ते जरा थांबले. अंगठा खड्ड्यात टेकला, उचलला, पुन्हा टेकला.

"झाला बुवा घट्ट," म्हणाले, आणि सफरचंद घेतलं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. दुसऱ्या दिवशी चष्मेवाला गेला नाही. दुकानात गर्दी होती. तिसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. पुढे कारण सांगायचीही गरज उरली नाही. बायको दुपारी वडिलांना जेवण पोचवायची आणि परत येऊन सांगायची, "बाबा विचारत होते, ग्रह कुठल्या राशीत गेला म्हणून." तो हसल्यासारखं करायचा आणि भिंग पुसायला घ्यायचा.

ज्याच्यासाठी हे केलं, तो चाकूही त्याला सुखाने बघता येईना. घर उघडलं की तो खड्डा आधी दिसायचा. त्यात अंगठा ठेवला की आपण कुणाच्या तरी अंथरुणात झोपलोय असं वाटायचं. शेवटी एका दुपारी त्याचं डोकं फिरलं. त्याने तो चाकू चाकावर धरला. आजूबाजूचं शिंग घासून खड्ड्याला मिळवलं, पात्याची काळी छटा उडवली, टोप्या आरशासारख्या केल्या. आता तरी हा माझा होईल, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. काम संपलं तेव्हा हातात एक चकचकीत वस्तू होती. ती सासऱ्यांची नव्हती, आणि त्याच्यासारख्या कुणालाही ती संग्रहात नको झाली असती. अडाणी, तो स्वतःला मोठ्याने म्हणाला. त्याने घर मिटलं आणि खणाच्या पार मागे ढकललं.

तिथेच ते राहिलं असतं. पण एके दुपारी बायको डबा घेऊन परतली ती रडवेली होऊन. "बाबांनी अंगठा कापून घेतला. एवढी वर्षं तोच चाकू, कधी खरचटलं नाही. मिटताना पातं एकदम हातावर आलं म्हणे. तुम्ही जास्तच आवळलंत का हो?"

प्रश्न आवळण्याचा नव्हताच. त्या जुळ्याची कडी हलकी होती, जरा ओढली की सुटायची. सासऱ्यांच्या हाताला जड कडीची सवय. हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, आणि नजर गेलेल्या माणसाला हाच बरा, असं म्हणून त्याने तो दिला होता. बायको उत्तराची वाट बघत उभी होती. शरमेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने खणातलं मागचं घर काढलं, दुकानाचं दार ओढलं आणि मागच्या गल्लीत गेला.

सासरे खिडकीशी बसले होते. अंगठ्याला पांढरी चिंधी. पावलं ओळखून ते वळले, पण ग्रहाचं काही बोलले नाहीत.

"बाबा," तो म्हणाला, "हा घ्या. तुमचा चाकू."

"माझा तर हा इथे आहे."

"तो माझा आहे. मी बदलला होता."

सासऱ्यांनी हात पुढे केला. मूठ चाचपली. डाव्या हाताचा बरा अंगठा शिंगावर इकडून तिकडे फिरला, थांबला, पुन्हा फिरला. जे शोधत होते ते सापडलं नाही. चाकू उघडला, आवाज ऐकला.

"आवाज त्याचाच आहे," ते म्हणाले. "बाकी काय केलंस रे त्याचं?"

इतक्या वर्षांत त्यांनी जावयाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. चष्मेवाल्याने सगळं सांगितलं. चाक, खोटा खड्डा, घासलेलं शिंग. सांगताना मध्येच वाटलं की गप्प बसावं, पण आता थांबून उपयोग नव्हता.

"खड्डा छान पाडला होतास," सासरे म्हणाले. "पण माझा अंगठा त्यात पाहुण्यासारखा बसला. त्याच संध्याकाळी कळलं मला."

"कळलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर लाजेने तुझं येणं बंद झालं असतं. म्हटलं, चाकू गेला तर जाऊ दे. संध्याकाळी माणूस येतंय." त्यांनी चाकू मिटून मांडीवर ठेवला. "मी तोंड मिटून बसलो, आणि तू तसाही आला नाहीस. माझं दोन्ही गेलं."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. चष्मेवाला उभाच होता. बस म्हणायला सासरे विसरले होते, की मुद्दाम म्हणाले नव्हते, हे त्याला कळेना.

"उद्या येणार आहेस का, तेवढं सांग," सासरे म्हणाले.

"येईन."

समोरच्याला काही दिसणार नव्हतं, तरी त्याची मान छातीला टेकली होती.

"वर बघून सांग," सासरे म्हणाले. "आवाज जमिनीत जातोय."