घड्याळाच्या भ्यानं पाणी सोडलं

"जा, जरा फिरून ये. कुठंबी जा. सायबांना दाखवायचंय," मुकादम म्हणाला.

सभागृहात सगळे नगरसेवक बसले होते. आम्ही सफाईच्या बाया भिंतीकडेला उभ्या होतो. मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या आमच्यासाठी नाहीत हे कुणी सांगावं लागत नाही. पुण्याहून आलेल्या सल्लागारानं खोक्यातून एक काळं घड्याळ काढलं आणि टेबलाच्या कडेला ठेवलं. माझ्या हातात दिलं नाही. मी उचललं. माझं मी बांधलं.

विषय असा होता: नगरपालिकेनं सफाईच्या कामासाठी तंत्रज्ञान सल्लागार नेमायचा की नाही. नेमला, तर प्रत्येक सफाई कामगाराच्या मनगटाला हे घड्याळ. कोण कुठं आहे, चालतंय की थांबलंय, सगळं ऑफिसातल्या पडद्यावर. गावाचं नाव लिहीत नाही. सातारा-सांगलीच्या शिवेवरचं कुठलंही घ्या, चालेल.

मी बाहेर पडले. पहाटेपासून झाडत होते, तशीच आणून सभेला उभी केलेली. कधीची लघवी लागली होती. इमारतीत बायकांचं संडास आहे. त्याला कुलूप. किल्ली नगराध्यक्षांच्या शिपायाकडे. ती नगरसेविकांना मिळते, आम्हाला नाही. आम्ही मागच्या आवारात जातो, भंगारात काढलेल्या घंटागाड्यांच्या आडोशाला. नेहमी जोडीनं. एक आत, एक राखणीला. त्या दिवशी मी एकटीच होते. गेले, आले.

परत आत पाय टाकला तर सगळी सभा हसत होती. कशाला हसतायत कळेना. म्हणून मीही हसले.

मग पडदा दिसला. गावाचा नकाशा. त्यावर माझं नाव, आडनावासकट. दारातून निघालेली एक रेघ, इमारतीला वळसा घालून मागं गेलेली, मागच्या भिंतीशी थांबलेली. तिथं लाल ठिपका. मी परत आले तरी पडदा तिथंच थांबवून ठेवलेला. मी जिथं बसले होते, बरोबर तिथं.

शांतामावशी माझी जोडीदारीण. ती आतच होती, भिंतीपाशी. काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. ठिपका आधी हिरवा होता. मी थांबले तसा लाल झाला. सल्लागार म्हणाला, "हे बघा, कर्मचारी आयडल. काम बंद आहे." तर मागनं एक नगरसेवक ओरडला, "आवं सायेब, काम चालूच हाय की! मुतायला बसली आसंल!" नगराध्यक्ष हसता हसता खोकायला लागले. म्हणाले, "आता कोण कुठं बसतंय, समदं दिसणार बघा."

मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "थँक्यू मॅडम," सल्लागार म्हणाला. शिपायानं ते फडक्यानं पुसलं, मग खोक्यात ठेवलं.

ठराव त्या दिवशी झाला नाही. आमच्यासाठी थांबला असं कुणी समजू नये. विरोधी गटाला दुसऱ्या कंपनीचा सल्लागार पाहिजे होता. भांडण एवढंच. ह्यांचा की त्यांचा. सल्लागार कशाला पाहिजे, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. विषय पुढच्या सभेवर ढकलला.

आणि मी गप्प बसले. सांगलीला कामगार संघटनेच्या शिबिरात पत्रक लिहायला शिकलेली मी. दुसऱ्यांवरच्या अन्यायावर पानंच्या पानं लिहिलेली. 'शोषण' हा शब्द किती वेळा छापला असेल. पण 'मी लघवीला बसले आणि सभा हसली', एवढं लिहायला हात उठेना.

मग शांतामावशी पडली. बाजारपेठेत, भर उन्हात, झाडू हातात असताना.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "मावशी, पाणी किती पिता? लघवीला जळजळ कधीपासून आहे?" मावशी भिंतीकडं तोंड करून बसली. मी चिडले, आवाज चढवला, तेव्हा माझ्याकडं न बघता पुटपुटली.

"सकाळचं पानी सोडलंय गं. लागायलाच नगं. त्या पडद्यावर माझं नाव यायलाच नगं."

घड्याळ अजून कुणाच्या हाताला नव्हतं. ठरावसुद्धा झाला नव्हता. तरी मावशीनं पाणी सोडलं होतं. बाकीच्यांना विचारत गेले तर अजून दोघीतिघी तशाच. एकमेकींनाही सांगितलं नव्हतं. जी ती आपापल्या घरात, आपापली तहान मारत होती.

दवाखान्याच्या त्या बाकड्यावर माझी लाज संपली. लाज मला वाटायची काय गरज होती? मी काय केलं होतं?

सभेच्या आदल्या दिवशी मुकादम दारात आला. आत ये म्हटलं तर आला नाही. बाहेरूनच म्हणाला, "उद्या परत तूच बांधायचं. आन् चार शबुद बोलायचं. घड्याळामुळं लय सोय व्हतीया म्हणायचं. तुला बोलाय येतंय. नवीन ठेका लागणार हाय पुढच्या म्हैन्यात. नावं कमी व्हनारंत. इचार कर."

माझ्या आईनं जन्मभर ह्याच गावचे रस्ते झाडले. ती म्हणाली, "बांध की गं. हातालाच हाय. गळ्याला तर न्हाई?"

मी कळशी उचलून पाण्याला गेले.

दुसऱ्या दिवशी सल्लागारानं घड्याळ पुन्हा टेबलाच्या कडेला ठेवलं. मी उचललं नाही.

"बांध गं," मुकादम म्हणाला.

"न्हाई बांधत."

नगराध्यक्षांनी मान वर केली. "काय झालं?"

"मागच्या सभंला मी मुतायला गेलते," मी म्हणाले. "तुमी समद्यांनी बघितलं."

"ए पोरी! सभागृह हाय हे. भाषा नीट वापर!"

"शब्द ह्याच सभागृहातला हाय. तवा हसला की."

सल्लागार पुढं झाला. "मॅडम, काही प्रॉब्लेम नाही. आपण सिस्टीममध्ये टॉयलेट ब्रेक टाकू. दिवसातून दोनदा. तेवढा वेळ ठिपका लाल होणार नाही."

माणूस वाईट नसावा. त्याला खरंच वाटत होतं की तो मदत करतोय. त्यानंच माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आन् तिसऱ्यांदा लागली तर? तुमच्या कंपनीला फोन लावू व्हय?"

ह्या वेळी हसू भिंतीकडनं आलं. बाया हसल्या. नगराध्यक्षांनी तिकडं बघितलं, तरी थांबल्या नाहीत.

"शांतामावशी तुमच्या घड्याळाच्या भ्यानं पानी पीत न्हाई. बाजारात पडली. आधी त्या संडासाचं कुलूप काढा. मग सल्लागाराचं बोला."

"विषय तो न्हाई," नगराध्यक्ष म्हणाले.

"हिला बाहेर घ्या," मुख्याधिकारी म्हणाले.

मुकादमानं दंड धरला. मी हिसका दिला. "हात लावू नगंस. माझी मी जाते."

माझ्या पाठीमागं ठराव मंजूर झाला. दोन्ही गटांचे हात वर. ह्यांचा की त्यांचा, ते त्यांनी आधीच मिटवलं होतं. सल्लागार नेमला. नव्या ठेक्यात माझं नाव नाही. संडासाला कुलूप तसंच आहे.

घड्याळांची खोकी आल्याचं कळलंय. उद्या पहाटे हजेरीच्या शेडसमोर मी उभी असणार, पाण्याची कळशी घेऊन. मावशीपासून सुरुवात. प्रत्येकीनं पोटभर पाणी प्यायचं, मगच झाडू उचलायचा. मनगट कुणी पुढं करायचं नाही. मला तिथनं हलवायचं असेल तर पोलीस बोलवा. परवा मी परत येईन. तेरवाही येईन.