मान हलली म्हणजे

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या कर्णबधिर बहिणीच्या, सुनंदाच्या लग्नाला होकार मी दिला. पाहुण्यांपुढं तिला खुणांनी मुलाची माहिती सांगितली, तिनं मान हलवली. मामा म्हणाले, "व्हय म्हनली ना पोरगी?" मी "व्हय" म्हणालो. तिची ती मान म्हणजे 'कळलं, पुढं सांग' एवढंच असतं, हे घरात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आज ते लिहवतंय ते श्रीरामपूरच्या दुभाषी बाईंमुळं. सांकेतिक भाषेच्या दुभाषी. उभ्या राहिल्या की आधी बांगड्या काढून पर्समध्ये टाकायच्या. ड्रेस कायम गडद, बिनफुलांचा. "हात दिसले पाहिजेत, मी नाही," म्हणायच्या.

सुनंदा सासरहून निघून आली, त्या आठवड्यात तिला दवाखान्यात नेलं. सुनंदाच्या खुणा बघत बाई डॉक्टरांना म्हणाल्या, "माझं पोट दुखतंय." नर्सनं बाईंनाच कॉटवर आडवं व्हायला सांगितलं. किती दिवसांनी सुनंदा हसली. 'तिचं पोट' म्हणा की, असं मी सुचवलं. "पोट तिचं, वाक्यही तिचंच," बाई म्हणाल्या. "मी 'ती' म्हणाले की ती खोलीबाहेर गेली."

मग समुपदेशन केंद्रात बोलावणं आलं. तिनं परत नांदायला जावं असं सासरच्यांना वाटत होतं आणि, खरं सांगतो, आम्हालाही. परत जातेस का, असं विचारल्यावर सुनंदाची मान हलली. दाजी लगेच म्हणाले, "बघा, तयार हाय." सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या तोंडात 'व्हय' आलंच होतं.

"मान हलली म्हणजे प्रश्न पोचला," बाई म्हणाल्या. "उत्तर अजून यायचंय." मग माझ्याकडं वळून, आवाज न चढवता म्हणाल्या, "दादा, तुम्ही बाहेर थांबा. भावाला दुभाषी होता येत नाही."

व्हरांड्यात मी नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. बसवेना. आत ती लग्नाचंही सांगत असेल का? दार उघडलं तेव्हा दाजी कुणाकडं न बघता निघून गेले. सुनंदा परत गेली नाही.

बाईंना स्टँडवर गाठलं. माझ्याबद्दल काही म्हणाली का, विचारलं. "तिथलं मी तिथंच ठेवून येते, दादा. तिला विचारा." संगमनेरची गाडी लागली, त्या चढल्या. पुढं कळलं, त्या नाशिकला राहायला गेल्या. नंतर भेट नाही.

सुनंदा आता शिवणकाम करते, रविवारी आमच्याकडं जेवायला येते. ताटावर बसून आम्ही हवापाण्याच्या खुणा करतो. 'तू हो म्हणाली नव्हतीस, आणि मला ते माहीत होतं,' एवढं माझ्या हातांनी तिला सांगायचं देणं मी लागतो. ते अजून सांगितलेलं नाही.