मूठभर खडेमीठ

परशा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रेवदंड्याच्या जेटीवर टेम्पोत बर्फ भरत होतो. पलीकडून सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, ह्ये गेले..." मी फावडं खाली ठेवलं आणि मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, माझी चूक आता वहिनींना कधी कळणार नाही. सव्वा महिना झाला, त्या विचाराची मला अजून किळस येते.

चौलचा परशा माझा शाळेपासूनचा दोस्त. ट्रेलर चालवायचा. बिहारात परतीचा माल मिळेपर्यंत आठ-आठ दिवस एका गोठ्याशेजारी खाट टाकून झोपायचा. तिथल्या वाळूमाशीनं त्याला काळा आजार दिला. ताप हटेना, प्लीहा वाढून पोट फुगलं, हातापायांच्या काड्या झाल्या. उपचारांनी बरा झाला, पुन्हा गाडीवर गेला आणि सात महिन्यांनी ताप परत आला. आळीतल्यांनी चहाला त्याचा कप वेगळा ठेवला. हा आजार उष्ट्यानं होत नाही, हे सांगून माझं तोंड दुखलं. परशा मात्र हसायचा. "ठेवू दे रं. माझा कप कोन पलवनार तरी न्हाय."

डॉक्टर म्हणाले, आजार उलटलाय, आता बुरशीवरचं औषध सलाईनमधून द्यायचं, यावर ते चालतं. परशा म्हणाला, "म्हंजे मी काय शिला पाव हाय?" डॉक्टरही हसले. औषध मुंबईहून थंड ठेवून आणायचं होतं. सिस्टर कसं ते समजावू लागल्या, तर मी त्यांना अडवलं. "बर्फाचं मला शिकवू नका. तीस वर्षं मासळी पाठवतोय."

ही माझी मस्ती! लांब जायच्या मासळीवर आम्ही बर्फात मूठभर खडेमीठ टाकतो, गारठा वाढतो. औषधाच्या खोक्यातही हात सवयीनं गेला. पाकिटावर 'गोठवू नये' असं छापलेलं होतं, ते मी वाचलंसुद्धा नाही. सिस्टरनी बाटली उचलली तेव्हा आतलं पिवळं औषध दगड झालं होतं. "हे आता देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. दुसरं मिळायला नऊ दिवस लागणार होते. आठव्या दिवशी छातीत कफ भरून परशा गेला. वहिनींना मी सांगितलं होतं, मुंबईहूनच उशीर होतोय... औषध मिळतं तर वाचलाच असता असं सांगता येत नाही, असं डॉक्टर मागाहून म्हणाले. ते वाक्य मी सुपारीसारखं गालात धरून बसलो.

तेराव्याच्या पंगतीत जो तो म्हणत होता, "परशासाठी किती धावलास रे!" आणि मी मान खाली घालून जेवत होतो. शी! दुसऱ्यांदा भातसुद्धा मागितला.

गेल्या रविवारी वहिनी घरी आल्या. तो थर्माकोलचा खोका घासून, उन्हात वाळवून आणला होता. आत वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील. म्हणाल्या, "ह्यांना लय आवडायचे. तुमी होता म्हनून निदान इलाज तरी झाला, भावजी." मी खोका घेतला आणि चहा घ्या म्हणालो.

बोंबील अजून तसेच बांधलेले आहेत. वहिनी, उशीर मुंबईहून झाला नव्हता. हे छापून येण्याआधी मी चौलला येतोय, तुमच्या तोंडावर हे सांगायला. खोका सोबत आणतोय, बोंबलांसकट.