पाटकऱ्याचा शनिवार

माझे काका एकतीस वर्षं पाटकरी होते. बंधाऱ्याचं दार उघडायचं, नदीचं पाणी कालव्यात सोडायचं आणि ज्याची पाळी असेल त्याच्या शेतापर्यंत ते पोचतंय का, हे सायकलवरून बघत हिंडायचं. सुट्टीच्या दिवशी अख्खं शहर होड्या घेऊन नदीवर आणि हे कालव्यावर. स्वतः एकदाही होडीत बसले नाहीत.

मी दरवर्षी त्यांच्याकडे जातो तो खरं तर नदीसाठीच. बंधाऱ्यापासून शहरातल्या जुन्या पुलापर्यंत होडीने तीन तास लागतात. दोन्ही काठांना मका आणि फळबागा. "चला ना काका," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "निवृत्त झालो की." निवृत्त झाले आणि काचबिंदूने गाठलं. उरलीसुरली नजर फार तर दोन-तीन महिने टिकेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यात सोमवारपासून बंधारा दुरुस्तीसाठी चार महिने बंद राहणार होता, होड्यांसकट. म्हणजे आता, नाहीतर कधीच नाही. मी शुक्रवारी रात्रीच जाऊन थडकलो.

बंधाऱ्यावर आता काकांच्याच हाताखाली तयार झालेला पाटकरी आहे. तो दर हंगामाला पाण्याचा नवा तक्ता आणून देतो आणि काका तो कपाटाच्या दाराला चिकटवतात. पूर्वी दोन दिवसांत तोंडपाठ व्हायचा. यंदा म्हणाले, "तूच वाच रे." मी वाचला. शुक्रवारी नदी, शनिवारी कालवा, रविवारी नदी. "रविवारी सकाळी निघायचं," असं मी जाहीर करून टाकलं. मोठा शहाणा!

रविवारी काकूने डबा भरून दिला. शहरातल्या दुकानातच होडीवाल्याच्या नव्या पोऱ्याने काकांना फुगीर लाइफ जॅकेट चढवलं, तेव्हा स्वारी खुशीत होती. "याचं पोट माझ्यापेक्षा मोठं आहे," म्हणाले.

बंधाऱ्याखाली पोचलो तर नदीत घोट्याएवढं पाणी. नुसते गोटे! शेजारी कालवा मात्र काठोकाठ वाहतोय.

"असं कसं? आज नदीची पाळी आहे!" मी ओरडलो.

काकांनी विचारलं, "शनिवारच्या पुढे वेळ काय लिहिली होती?"

"सहा."

"संध्याकाळचे सहा. पाटकऱ्याचा शनिवार संध्याकाळी सहाला लागतो आणि रविवारी सहाला संपतो. मला ते इतकं अंगवळणी, की तुला सांगायचं राहूनच गेलं बघ."

म्हणजे शुक्रवारच्या पाळीत काल दिवसभर नदी भरलेली होती आणि मी घरात पाय पसरून टीव्ही बघत होतो! आज सहानंतर पाणी येणार, पण तेव्हा अंधार. अंधारात काकांना स्वतःचा हातही दिसत नाही. माझं डोकंच फिरलं.

"फोन लावा त्या पाटकऱ्याला. तीन तास दार बंद कर म्हणावं. तुमचा शब्द तो खाली पडू देणार नाही."

काकांनी खरंच फोन लावला. मला वाटलं, जमलं! पण त्यांनी एवढंच विचारलं, "आज कोण भिजवतंय?" उत्तर ऐकलं, "बरं," म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

"कालव्याच्या टोकाची शेतं आहेत. तिथवर पाणी जायलाच अर्धा दिवस लागतो. मधेच तोडलं तर त्यांना काहीच मिळायचं नाही. आणि उद्यापासून तर बंदच."

"एकतीस वर्षं लोकांचंच बघितलंत! आज एक दिवस स्वतःचं बघा की!" मी चारचौघांत किंचाळलो. राग माझा माझ्यावर होता, निघाला त्यांच्यावर.

काका जॅकेटचा बंद चाचपत राहिले. तो त्यांच्या डोळ्यांसमोरच होता, तरी सापडेना. शेवटी मीच सोडवला. तेव्हा मला रडू आवरेना.

"अरे, एवढं काय त्यात?" ते म्हणाले. "दुरुस्ती झाली की ये. मी बसतो होडीत. काय काय दिसतं, ते तू सांगत जा."