लहान मुलांची मालिका

आमचे हे सुरतजवळ पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामाला आहेत. रविवारी सुट्टी असली की दुपारी ते आणि आमची दहावीतली मुलगी अंतराळयानाची एक मालिका बघत बसायचे. यांच्या लहानपणापासून चालू असलेली मालिका. नट बदलले, यान बदललं, पण ती काही संपली नाही. दोघं आठवडाभर तिच्यावरच बोलायचे. माझ्याशी बोलणं भाजी आणि गॅसपुरतं. मला पोटच्या मुलीचा हेवा वाटायचा.

"लहान मुलांचं असतं हे," मी म्हणायचे.

"मम्मी, ही सगळ्या घरानं बघायची आहे," मुलगी सांगायची. पण सरकून जागा कुणी देत नव्हतं.

एका सोमवारी दोघं गेल्यावर मी मोबाइलवर आधीच आलेले पुढचे तीन भाग बघून टाकले. यान चालवणारी म्हातारी सगळ्यांना वाचवताना मरते, तिथे मला रडू आलं. तरी रविवारी मालिका सुरू होताच मी स्वयंपाकघरातून मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "ती म्हातारी मरते."

मुलीचा चेहरा उतरला. यांनी टीव्ही बंद केला.

"तू कधी बघितलंस?" यांनी विचारलं.

"सोमवारी. एकटीनं."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "आमच्यासोबत बघायचं होतं तर सांगायचं ना, मम्मी."

मी तिची माफी मागितली. आता रविवारी मीही दोघांच्या शेजारी बसते. पण एखाद्या जुन्या भागाची आठवण काढून ते दोघंच हसले, की मला अजून खुपतं.